त्रिनिदादला व्हिसा लागत नाही, पण वाटेत लागू शकतो

जुलै २०२३ मध्ये कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातली शंभरावी कसोटी होती. ती बघायला मी, बायको आणि माझे मेहुणे असे तिघे गेलो होतो. घरात या मैदानाचं नाव मी लहानपणापासून ऐकत आलोय. मार्च १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने इथेच वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. सुनील गावसकरांचं पदार्पण याच सामन्यातलं आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतकही. वडिलांनी त्या दौऱ्याची पेपरातली कात्रणं एका वहीत चिकटवून ठेवली होती. ती वही मी सोबत नेली होती.

जायचं ठरलं तेव्हा एजंट म्हणाला, "भारतीय पासपोर्टला त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही, बिनधास्त जा." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण तिकीट त्याने न्यूयॉर्कमार्गे काढलं होतं, आणि मेहुण्यांकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता. निघायला पाच आठवडे असताना सहज बोलता बोलता हे माझ्या लक्षात आलं. तिकिटं रद्द केली, त्यात बरेच पैसे गेले, आणि मग अ‍ॅमस्टरडॅममार्गे नवी काढली. तेव्हापासून कुणी त्रिनिदादचं विचारलं की मी आधी वाटेचं बोलतो आणि बेटाचं नंतर. हा लेखही त्याच क्रमाने लिहिलाय. तयारीला तीन महिने हाताशी ठेवा. दोन महिन्यांत जमतं, पण धावपळ होते.

आधी नियम नीट समजून घ्या

साधा भारतीय पासपोर्ट असेल, तर फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशात नव्वद दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. त्यासाठी दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयात अर्ज करायचा नाही, फी भरायची नाही. नोकरी किंवा शिक्षणासाठी जाणार असाल तर ही सवलत तुमच्यासाठी नाही. त्याचे परवाने वेगळे असतात आणि ते इथून निघण्याआधीच मिळवावे लागतात.

नव्वद दिवस ही कमाल मर्यादा आहे, हेही लक्षात असू द्या. किती दिवस राहू द्यायचं ते समोरचा इमिग्रेशन अधिकारी तुमचं परतीचं तिकीट बघून ठरवतो आणि शिक्क्यावर लिहितो. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही सहा महिने शिल्लक असावी. काउंटरवर कुणी वाद घालायला जागा राहत नाही. मेहुण्यांच्या पासपोर्टला पाचच महिने उरणार होते, म्हणून सगळ्यात आधी त्यांचा पासपोर्ट नवा केला.

आणखी एक गैरसमज मी वारंवार ऐकतो: एका बेटावर व्हिसा लागत नाही म्हणजे सगळ्या कॅरिबियनमध्ये लागत नाही. कॅरिबियन हा एक देश नाही. बार्बाडोस, ग्रेनेडा, डॉमिनिका इथे आपल्याला व्हिसा लागत नाही. जमैकालाही लागत नाही, पण तिथली मुदत तीस दिवसांची आहे. क्युबाचा व्हिसा लागतो. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही बेटं फ्रान्सची, अरुबा आणि कुरासाओ नेदरलँड्सच्या राज्यातली, त्यामुळे तिथले कायदे आणखी निराळे. २००७ च्या विश्वचषकात यजमान देशांनी मिळून एक सामाईक व्हिसा काढला होता, तो त्या स्पर्धेपुरताच होता. त्या वर्षी आपला संघ याच क्वीन्स पार्क ओव्हलवर बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत परतला. तो सामाईक व्हिसाही स्पर्धेबरोबर संपला. त्यामुळे त्रिनिदादहून बार्बाडोसला जाऊन परत त्रिनिदादला यायचं असेल, तर दोन्ही देशांचे नियम वेगवेगळे बघा.

आता वाट: खरा व्हिसा इथे लागतो

मुंबईहून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमान नाही. कुठेतरी एकदा, बऱ्याचदा दोनदा, विमान बदलावं लागतं. ते कुठे बदलायचं, यावर तुमची अर्धी तयारी अवलंबून आहे. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून लगेच काढू नका. आधी मधल्या विमानतळाचा देश बघा.

अमेरिका. न्यूयॉर्क, मायामी, ह्यूस्टन या मार्गांनी सोयीची विमानं मिळतात आणि तिकीटही बरेचदा कमी पडतं. पण अमेरिकेच्या विमानतळांवर 'विमानतळाबाहेर न जाता नुसतं विमान बदलणं' हा प्रकारच नाही. दोन तासांचा थांबा असला तरी तुम्हाला तिथल्या इमिग्रेशनमधून जावं लागतं, बॅगा उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुन्हा सुरक्षा तपासणी करावी लागते. म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हवाच. पर्यटनाचा बी-१/बी-२ असेल तर तो चालतो. नसेल तर सी-१ नावाचा ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो, आणि त्यालाही अर्ज, फी, मुलाखतीची तारीख हे सगळं आहेच. घरातल्या चौघांपैकी तिघांकडे दहा वर्षांचा अमेरिकन व्हिसा आणि एकाकडे नाही, असं आपल्याकडे पुष्कळ घरांत असतं. अशा वेळी अमेरिकेचा मार्ग सोडून द्या. एका माणसामुळे सगळ्यांचा प्रवास अडतो, आणि त्या माणसाला जो अपराधीपणा वाटतो तो आम्ही घरात पाहिलाय.

ब्रिटन. लंडनला नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला एअरसाइड (म्हणजे विमानतळाच्या आतच राहून विमान बदलण्याचा) ट्रान्झिट व्हिसा लागतो. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर यातून सूट मिळते. पण इथे एक मोठा खड्डा आहे. भारतातून येणारं विमान बहुधा हीथ्रोला उतरतं, आणि कॅरिबियनकडे जाणारं गॅटविकहून सुटू शकतं. या दोन विमानतळांमध्ये बसने तासाभराहून जास्त अंतर आहे. हीथ्रोहून बाहेर पडलात म्हणजे तुम्ही ब्रिटनमध्ये प्रवेश केलात, आणि त्यासाठी एअरसाइड व्हिसा पुरत नाही. बाहेर पडून विमान बदलण्याचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा आहे, त्याच्या अटी वेगळ्या आणि सूट मिळण्याचे नियमही जास्त कडक. तिकिटावर 'लंडन' एवढंच न वाचता विमानतळाचं नाव वाचा. उतरणार एका विमानतळावर आणि निघणार दुसऱ्या, असं दिसलं तर ते तिकीट काढू नका.

कॅनडा. टोरांटोहून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमान आहे आणि तिथे आपली खूप माणसं असल्यामुळे अनेकांना हा मार्ग सुचतो. कॅनडात विमान बदलायलाही भारतीयांना व्हिसा लागतो. फक्त ट्रान्झिटसाठीच्या व्हिसाला फी नाही, अर्ज मात्र रीतसर करावा लागतो आणि वेळ तेवढाच लागतो.

युरोप. शेंगेन देशांत (एकच सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत) विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागातच राहून विमान बदलायला ज्यांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, अशा देशांची एक सामाईक यादी आहे. त्या यादीत भारत नाही. पण प्रत्येक देश त्यात स्वतःची भर घालू शकतो, आणि काही देशांनी भारताचं नाव घातलेलं होतं. या याद्या बदलत राहतात. म्हणून 'युरोपमार्गे चालतं' असं कुणाच्या तोंडून ऐकून तिकीट काढू नका. ज्या देशात थांबणार त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर भारतीय पासपोर्टचं पान काढून बघा, आणि विमान कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आम्ही अ‍ॅमस्टरडॅममार्गे गेलो तेव्हा असंच केलं. ते उत्तर छापून फाइलला लावलं होतं, आणि मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच्या मुलीने ते खरोखर वाचलं.

यातली सगळ्यात महत्त्वाची अट वेगळी सांगतो. हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा मुंबई ते पोर्ट ऑफ स्पेन हा पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असतो आणि बॅगा मुंबईतूनच शेवटपर्यंत टॅग होतात. मुंबई-युरोप एक तिकीट आणि युरोप-त्रिनिदाद दुसरं, असं स्वस्तात जुळवलंत, तर मधे बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडावं लागू शकतं. त्याला पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. रात्रभराचा थांबा असेल तर तीच गोष्ट: हॉटेल विमानतळाच्या बाहेर असेल तर व्हिसाशिवाय तिथे जाता येणार नाही. खुर्च्यांवर झोपायची तयारी ठेवा, किंवा थांबा कमी असलेलं तिकीट घ्या. दक्षिणेकडून पनामामार्गेही जाता येतं, पण तिथवर पोहोचतानाही वाटेतला देश कोणता हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी

न्यू जर्सी किंवा टेक्सासहून विमानाने साधारण पाच तासांवर बेट आहे, त्यामुळे लाँग वीकेंडला जाणारे बरेच असतात. जाताना काहीच अडचण नसते, अडचण येते ती परतताना. तुम्ही एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) असाल आणि पासपोर्टमधला व्हिसा स्टॅम्प संपलेला असेल, तर 'कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर चालतं' हा नियम त्रिनिदादला लागू नाही. त्रिनिदादसारख्या शेजारच्या बेटांसाठी ती सवलत फक्त एफ आणि जे व्हिसावाल्यांना, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिजिटरना आहे. त्यालाही अटी आहेत: मुक्काम तीस दिवसांच्या आत, आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाच्या मुदतीची नोंद) चालू, आणि तिकडे असताना नव्या व्हिसाचा अर्ज केलेला नसणं. क्युबा तर त्यांच्यासाठीही वगळलेला आहे. त्यामुळे एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वाल्यांनी स्टॅम्पची तारीख बघितल्याशिवाय तिकीट काढू नये. कॉलेजातल्या मुलांनी आय-२० वर (कॉलेजने दिलेल्या फॉर्मवर) प्रवासाची सही आहे ना ते बघून घ्यावं.

पिवळ्या तापाची लस: आपल्याच देशात परतण्यासाठी

हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर आहे. तोच डास डेंग्यूही पसरवतो. म्हणून जिथे हा ताप आढळतो अशा देशांतून येणाऱ्या प्रत्येकाकडे आपलं आरोग्य खातं लसीचं प्रमाणपत्र मागतं. त्या यादीत आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतले देश आहेत, आणि कॅरिबियनमधून त्रिनिदाद आहे, कारण हे बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला अगदी लागून आहे. टोबॅगो बेट यादीत नाही. पण आपण बहुधा त्रिनिदादच्या पियार्को विमानतळावरच उतरतो, त्यामुळे या फरकाचा उपयोग होत नाही.

तुम्ही त्रिनिदादहून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही, जाताना लस कुणी विचारत नाही, आणि मग मुंबईत उतरल्यावर आपल्याच विमानतळावर माणूस अडकतो.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि त्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहे. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना यांच्याकडे मिळते, गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य संघटनेकडे. ठरलेले दिवस आणि मोजकी माणसं असं तिथे असतं, कारण एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती उघडली की थोड्या वेळात संपवावी लागते. म्हणून वेळ आधी घ्या आणि मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्स चालत नाही.

लस टोचल्यावर पिवळ्या रंगाची एक छोटी पुस्तिका मिळते. त्यात नाव, पासपोर्ट नंबर, लसीचा बॅच नंबर आणि तारीख हाताने लिहितात, वर शिक्का मारतात. जागेवरच उभे राहून प्रत्येक अक्षर तपासा. बायकोच्या पुस्तिकेत पासपोर्टचा एक आकडा चुकला होता. तिथल्या तिथे दाखवल्यामुळे लगेच नवी लिहून मिळाली. घरी येऊन लक्षात आलं असतं तर पुन्हा एक फेरी झाली असती. पुस्तिकेवर तुमची स्वतःची सहीही लागते.

प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावत जाण्यात अर्थ नाही, महिनाभर आधीच घ्या. पूर्वी दर दहा वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागायची. जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेने एकदा घेतलेली लस आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलीय. कुणी नोकरीनिमित्त आफ्रिकेत राहून आलं असेल तर आधी घरातली जुनी पुस्तिका शोधा.

ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून सगळ्यांना देत नाहीत. नऊ महिन्यांखालची बाळं, गरोदर बायका, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेले लोक यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. साठीच्या पुढच्यांनीसुद्धा. मेहुणे तेव्हा चौसष्टचे होते. त्यांच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची औषधं, जुने रिपोर्ट सगळं बघितलं आणि मगच होकार दिला. डॉक्टर नाही म्हणाले, तर हट्ट करू नका. अशा वेळी परतीच्या वाटेवर, ज्या देशाचा व्हिसा तुमच्याकडे आहे आणि जिथे पिवळा ताप नाही, तिथे सहा दिवसांहून जास्त राहून मग भारतात येणं हा एक मार्ग आहे. नाहीतर त्रिनिदादऐवजी बार्बाडोस किंवा ग्रेनेडा निवडा, ती बेटं आपल्या यादीत नाहीत.

फाइलमध्ये काय ठेवायचं

मोबाइलमध्ये सगळं असतं, हे खरं. पण एकवीस-बावीस तासांच्या प्रवासानंतर बॅटरी संपलेली असते आणि विमानतळाचं वायफाय लागत नाही. कागद छापून घ्या. परतीचं तिकीट सगळ्यात वर. त्याखाली मुक्कामाचं बुकिंग, त्यावर पूर्ण पत्ता आणि फोन नंबर. कुणाच्या घरी उतरणार असाल तर त्यांचं पत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि चालू असलेला फोन नंबर. त्या माणसाला सांगून ठेवा की इमिग्रेशनमधून फोन येऊ शकतो. खर्चाची सोय दाखवायला तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कार्ड. प्रवास विमा घ्याच. पिवळी पुस्तिका पासपोर्टला रबर लावून ठेवा, चेक-इन बॅगेत टाकू नका.

लहान मूल आई किंवा वडील यांपैकी एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र नोटरी करून न्या. वाटेतल्या देशांतही ते विचारू शकतात.

पैशांचं थोडक्यात: तिथलं चलन त्रिनिदाद आणि टोबॅगो डॉलर, एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात मिळतात. ते चलन आपल्याकडे मिळायची शक्यता कमी, त्यामुळे अमेरिकी डॉलर न्या. भारतातून रोख नोटा साधारणपणे माणशी तीन हजार अमेरिकी डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचे फॉरेक्स कार्डवर भरून घ्या.

बॅग भरताना

लष्करी छापाचे कपडे अजिबात नेऊ नका. हिरव्या-मातकट ठिपक्यांची पँट, टोपी, सॅक, पोरांचा टी-शर्ट, काहीच नको. त्रिनिदादमध्ये असे कपडे सामान्य नागरिकांनी वापरायला कायद्याने बंदी आहे, बार्बाडोस आणि जमैकातही आहे. रंग कुठलाही असो आणि माणूस कितीही लहान असो, नियम तोच. आपल्याकडे हे कपडे रस्त्यावर सर्रास मिळतात, त्यामुळे कुणाला यात काही वावगं वाटत नाही. मेहुण्यांची आवडती टोपी तशीच होती. ती आम्ही ठाण्याच्या घरीच ठेवली.

खाण्याचं सामान नेताना ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, मांस हे टाळा. भाकरवडी, चिवडा, चकल्या बंद पाकिटात असतील तर न्या आणि कस्टम्सच्या फॉर्मवर तसं लिहा. लपवल्याने त्रास होतो. नियमित औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. प्लग अमेरिकेसारखे चपट्या दोन पिनांचे आणि वीज ११५ व्होल्टची आहे. मोबाइलचा चार्जर अ‍ॅडॉप्टर लावून चालतो, आपली इस्त्री चालत नाही. डासांसाठी मलम न्या.

निघण्याआधीचा आठवडा

दोन गोष्टी तपासा. एक, प्रवेशाचा फॉर्म. आम्ही तो विमानात कागदावर भरला होता. कॅरिबियनमधले देश एकेक करून हे फॉर्म ऑनलाइन नेत आहेत, म्हणून निघायच्या चार दिवस आधी त्रिनिदादच्या सरकारी इमिग्रेशनच्या वेबसाइटवर बघा. खासगी वेबसाइट अशा फॉर्मचे पैसे मागतात, त्यांना देऊ नका.

दुसरी, तिथली परिस्थिती. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे सरकारने ३० डिसेंबर २०२४ ला आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर केली होती. अशा काळात पोलिसांना जास्त अधिकार मिळतात आणि रस्त्यात तपासणी होऊ शकते. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा, त्यांचा तातडीचा फोन नंबर लिहून घ्या. रात्री चालत फिरू नका, टॅक्सी हॉटेलला सांगून मागवा.

कार्निव्हल या तिथल्या मोठ्या उत्सवाला जायचं असेल तर अ‍ॅश वेन्सडेच्या (ख्रिश्चनांचा लेंट हा उपवासाचा काळ सुरू होतो त्या बुधवारच्या) आदले सोमवार-मंगळवार धरा. २०२७ मध्ये ते ८ आणि ९ फेब्रुवारीला येतात. तेव्हा खोल्या कित्येक महिने आधी भरतात, आणि मुक्कामाच्या पत्त्याशिवाय इमिग्रेशनसमोर उभं राहणं बरं नाही.

पियार्कोच्या काउंटरवर

आम्ही उतरलो तेव्हा भारतातल्या घड्याळापेक्षा साडेनऊ तास मागे होतो आणि डोळे मिटत होते. रांग सावकाश सरकत होती. काउंटरवरच्या बाई भारतीय वंशाच्या होत्या. ३० मे १८४५ ला पहिलं जहाज गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांना घेऊन या बेटावर आलं, त्या माणसांची ही पुढची पिढी. त्यांची मुळं मुख्यतः बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. इंग्रजी हीच तिथली बोली, त्यामुळे कुणी हिंदी बोलेल अशी अपेक्षा धरू नका.

प्रश्न साधे असतात. कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी जाणार, सोबत कोण. जेवढं विचारलं तेवढंच, सरळ उत्तर द्या. 'बघू, आवडलं तर जास्त राहू' असं बोलू नका. तिघांची उत्तरं जुळली पाहिजेत. 'क्रिकेट' म्हटल्यावर बाई हसल्या, पण परतीच्या तिकिटावरची तारीख त्यांनी बोट ठेवून वाचलीच. शिक्का मारल्यावर काउंटर सोडण्याआधी त्यावरचे दिवस वाचा. जास्त राहायचं झालं, तर मुदत संपण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात जाऊन ती वाढवून घ्यावी लागते. मुदत उलटल्यावर गेलात तर पुढच्या प्रत्येक देशाच्या व्हिसा अर्जात त्याचं उत्तर द्यावं लागतं.

टोबॅगोला जायला वेगळं काही लागत नाही, तो याच देशाचा भाग आहे. विमानाने अर्ध्या तासाच्या आत, किंवा पोर्ट ऑफ स्पेनहून बोटीने जाता येतं. फक्त पासपोर्ट सोबत ठेवा.

आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे 'आजी' म्हणत. वडिलांच्या आईवडिलांना तिथे आजा आणि आजी म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पहिल्या सकाळी 'डबल्स' खाऊ घातले, म्हणजे 'बारा' नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोल्यांचं कालवण, वरून मिरचीची झणझणीत चटणी. कारापिचाइमाला दत्तात्रेयांचं मंदिर आहे आणि त्याच्या आवारात पंच्याऐंशी फुटी हनुमान. दुपारी तिथे नेऊन आजींनी विचारलं, "तुमच्याकडे दत्त आहेत?" बायकोने त्यांना नरसोबाच्या वाडीबद्दल सांगितलं. कसोटीचा पाचवा दिवस पावसात वाहून गेला, सामना अनिर्णित राहिला. कोहलीचं शतक मात्र आम्ही बघितलं होतं.

मुंबईत उतरल्यावर

सामानाच्या पट्ट्याकडे जाण्याआधी, इमिग्रेशनच्या अलीकडे आरोग्य विभागाचं टेबल असतं. थांबायला कुणी सांगितलं नाही तरी स्वतःहून जा आणि कुठून आलात ते खरं सांगा. मधे दुसऱ्या देशात विमान बदललं असलं तरी पासपोर्टवर त्रिनिदादचा शिक्का असतोच. आमच्या पुढे एक जोडपं होतं, त्यांच्याकडे पुस्तिका नव्हती. नवरा मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता, बायको खाली बसली होती, शेजारी झोपेला आलेलं मूल. त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. आमच्या तिन्ही पुस्तिका त्या डॉक्टरांनी पासपोर्टशी ताडून बघितल्या, बायकोच्या पुस्तिकेतला तो आकडाही, आणि दोन मिनिटांत आम्हाला सोडलं.